पेशव्यांची भाऊबंदकी : इतिहासातली आणि नाटक-कादंबरीतली

 

आपल्या बोलण्यात एक वाक्प्रचार नेहमी येतो. सातबाराच्या उताऱ्यात एखादे नाव चुकले, सोसायटीच्या कागदात एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, की आपण चटकन म्हणतो, “यात कुणीतरी ध चा मा केलाय बघा.” ज्याला पेशवाईचा इतिहास ठाऊक नाही, तोही हे शब्द बरोबर जागी वापरतो. या दोन अक्षरांच्या मागे एका अठरा वर्षांच्या पोराचा खून आहे, एका मोठ्या घराण्याचे भांडण आहे, आणि एका राज्याचे दुर्दैव आहे. त्या भांडणाची गोष्ट आपल्या लेखकांनी कशी सांगितली, आणि आपण ती कशी ऐकावी, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आधी घडले काय ते थोडक्यात पाहू. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. त्या धक्क्याने नानासाहेब पेशवे खचले आणि त्याच वर्षी जून महिन्यात वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. घरात वडीलधारा पुरुष उरला होता एकच : नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव. यांनाच आपण राघोबादादा म्हणतो. शूर गडी. १७५८ साली यांच्याच मोहिमेत मराठ्यांची घोडी पंजाब ओलांडून अटकेपर्यंत गेली. अशा माणसाने मिसरूड न फुटलेल्या पुतण्यापुढे मान लववायची! ते काही दादांना मानवले नाही. त्यांनी राज्याची निम्मी वाटणी मागितली.

माधवराव २७ वर्षांचे होऊन, क्षयाने झिजून, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. मागे धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. स्वभावाने उतावळे, जिभेने तिखट. त्यांनी काकांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले. आणि ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदीच तलवारी उपसून आत शिरले. तोंडाने ओरडत होते थकलेल्या पगारासाठी. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि काकांना मिठी मारून त्यांनी जीव मागितला, असे परंपरा सांगते. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार यांनी त्यांना तिथेच संपवले. चापाजी टिळेकर नावाचा एक सेवक धन्याच्या अंगावर पडला, त्यालाही कापले.

राघोबादादांचे म्हणणे असे, की मी नारायणाला धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. आणि लोक म्हणू लागले, की कागदावर ‘धरावे’ होते, त्याचे ‘मारावे’ केले ते दादांच्या बायकोने, आनंदीबाईने. ग्रँट डफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यातही ही हकीकत आहे, आणि आनंदीबाईनेच हे केले अशी सगळ्यांची समजूत असल्याचे तो नमूद करतो. मात्र ते अक्षर तिच्याच हाताने बदलले गेले असे सिद्ध करणारा पुरावा इतिहाससंशोधकांच्या हाती नाही. समजूत आहे, आणि ती मोठी पक्की आहे.

अशी घटना लेखकांना खुणावणारच. दरबार, वाडा, दोन जावांचे वैर, रात्रीची खलबते, एक बदललेले अक्षर! मराठी माणूस स्वतंत्र नाटक लिहू लागला, तेव्हा अगदी आरंभीच विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. ते साल १८६१. म्हणजे पेशवाई बुडून पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती. पुढे १९०९ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले. खाडिलकर म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी. दोनच वर्षांपूर्वी, १९०७ ला, सुरतेला काँग्रेस दुभंगलेली होती. त्या काळच्या प्रेक्षकाला नाटकाच्या नावाचा अर्थ वेगळा फोडून सांगावा लागला नसेल. मग १९४४ साली प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट आला, त्यात गजानन जागीरदारांनी रामशास्त्री उभा केला. आणि १९६२ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी आली. तिला १९६४ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. खेडोपाडीच्या वाचनालयांतून तिच्या प्रती हाताळून हाताळून फाटल्या.

आता एक घरची आठवण सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत हौशी मंडळींनी नारायणरावाच्या वधाचे नाटक बसवले होते. गावातलाच एक पोरगा आनंदीबाई झाला होता. लुगडे, नथ, सगळे झोकात. त्याने दिव्याशी कागद धरून ‘ध’चा ‘मा’ केला, तेव्हा बायकांच्या बाजूने बोटे मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तो पोरगा पाणवठ्यावर गेला, तर बाया त्याला म्हणाल्या, “लांब हो रं, मेल्या, आनंदीबाई!” पुढे कितीतरी वर्षे त्याचे तेच नाव पडले.

रात्री नाटकाहून येताना सगळे आनंदीबाईला शिव्या घालत होते. माझी आत्या तेवढी गप्प होती. अक्षरशत्रू बाई, पण माणसांची पारख मोठी. घराशी आल्यावर ती म्हणाली, “आरं, तिनं अक्षर बदललं म्हणत्यात, ते खरं बी असंल. पर धरायचं तरी कशापायी? आन् कागूद कुणाचा हुता?”

मंडळी, मी पुढे पुष्कळ वाचले, पण या दोन प्रश्नांपेक्षा मोठा प्रश्न मला या प्रकरणात सापडला नाही.

धरायचे तरी का? विचार करा. नारायणराव हा रीतसर पेशवा. साताऱ्याच्या छत्रपतींनी त्याला वस्त्रे दिलेली. अशा पेशव्याला त्याच्याच पहारेकऱ्यांना फितवून धरायचे, हाच मुळी राजद्रोह. ‘ध’ हाच गुन्हा होता, ‘मा’ हा त्याचा पुढचा पाय. भाडोत्री शिपाई एकदा फितवला, तलवार एकदा त्याच्या हाती दिली, म्हणजे मग ती कुठे थांबवायची हे कागद ठरवत नाही. आपण मात्र शंभर वर्षे ‘मा’वर बोट ठेवून बसलो आणि ‘ध’ला मोकळे सोडले. कागद ज्याचा, हुकूम ज्याचा, तो पुरुष ‘बिचारा, बायकोच्या आहारी गेलेला’ झाला; आणि दोष सगळा त्या बाईच्या पदरात पडला.

आनंदीबाई साधीभोळी होती असे मला म्हणायचे नाही. ती करारी होती, तिला राज्याची हाव होती, नवऱ्याने पेशवा व्हावे असे तिला वाटत होते. पण असे वाटणारी ती एकटीच होती काय? वाड्याच्या प्रत्येक दालनात कोणाला ना कोणाला तेच वाटत होते.

ऐतिहासिक नाटक-कादंबरीतला खरा कस इथे लागतो. हलक्या लेखकाला एक खलनायक मिळाला की काम भागले. एक कपटी बाई, एक भोळा राजा, एक दुष्ट कारभारी. पडदा पडला, टाळ्या झाल्या. चांगला लेखक आणखी एक पाऊल आत जातो. तो विचारतो, ही माणसे अशी का वागली? एका घरातली, एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांच्या जिवावर का उठली?

याचे उत्तर खाडिलकरांच्या नाटकाच्या नावातच आहे. भाऊबंदकी हा दरबारी शब्द नव्हेच, तो बांधावरचा शब्द आहे. आपल्यापैकी कोणाला तो समजावून सांगायला हवा? चुलता-पुतण्याचा एक बांध, एक विहीर, एक आंब्याचे झाड. त्यापायी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. पेशव्यांच्या घरात तेच झाले, फक्त बांधाच्या जागी राज्य होते. पेशवेपद हे छत्रपतींच्या प्रधानाचे पद. चाकरीचे पद. बाळाजी विश्वनाथ, मग थोरले बाजीराव, मग नानासाहेब, असे ते बापाकडून लेकाकडे येत गेले, आणि बघता बघता ते घरचे वतन झाले. वतन म्हटले की हिस्सा आला. हिस्सा म्हटला की वाटणी आली. रघुनाथरावांनी निम्मे राज्य मागितले, ते शेताचा निम्मा तुकडा मागावा तसे मागितले. पदाचे वतन झाले तिथेच पहिली ठिणगी पडली. आनंदीबाईने फार तर तिच्यावर फुंकर घातली.

कोणी म्हणेल, मोठ्या घरात हे असे चालायचेच. नाही मंडळी, चालायचेच असे नाही. याच घराण्यात एक पिढी आधी थोरले बाजीराव आणि चिमाजीअप्पा हे सख्खे भाऊ होते. अप्पा काही कमी कर्तबगार नव्हते. १७३९ साली त्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्या वेढ्यात माणसे अक्षरशः पाण्यासारखी गेली. पण थोरल्या भावाची गादी हिसकावी असे त्यांच्या मनाला शिवले नाही. महत्त्वाकांक्षा त्यांनाही होती. ती कामाची होती, हिश्श्याची नव्हती.

आणखी एक दाखला. १७५० च्या सुमारास चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ कारभारीपद मागू लागले. ते मिळत नाही असे दिसताच कोल्हापूरकरांकडे पेशवेपद घेऊन जाण्याच्या गोष्टी निघाल्या. घर फुटायची वेळ आली. त्या वेळी महादोबा पुरंदरे यांनी आपण होऊन कारभार सोडला, भाऊंना वाट करून दिली, आणि फूट टळली. यावर कोणी नाटक लिहिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. खुनावर नाटक होते. खून टळला त्यावर कोण लिहिणार? पण शाळेतल्या मुलांना महादोबांचे नाव सांगायला नाटक कशाला हवे?

आता ‘स्वामी’कडे वळू. या कादंबरीचे मोठेपण माझ्या मते यात आहे, की तिच्यातले राघोबादादा निव्वळ दुष्ट नाहीत. चुलत्याचा पुतण्यावर जीव आहे आणि संशयही आहे. पुतण्याला चुलत्याचा आदर आहे आणि धाकही वाटतो. इतिहासच तसा आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावपाशी चुलत्या-पुतण्याच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. माधवरावांनी पाहिले, की आपण असेच लढत राहिलो तर तिसऱ्याचे फावेल. तो सतरा वर्षांचा पोरगा उठला आणि आपण होऊन काकांच्या छावणीत स्वाधीन झाला. पेशवा असून! पुढल्याच वर्षी निजामाने पुणे लुटले, जाळले. तेव्हा दोघे एक झाले आणि १० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला त्यांनी निजामाला पाणी पाजले. चुलता-पुतण्या एक झाले तर काय होते, ते त्या दिवशी दिसले. मग पुन्हा बेबनाव, पुन्हा फौजा. १७६८ साली धोडपला दादांचा पराभव आणि वाड्यातली कैद. कादंबरीकाराने या चढउतारांतून माणसे दाखवली आहेत, म्हणून वाचकाला चुलता कळतो आणि पुतण्याही कळतो. आपल्या घरातलाच कोणी वाटतो.

या सगळ्या खेळात एक माणूस असा आहे, की ज्याला गादी नको, हिस्सा नको. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तरुण माधवराव पूजाअर्चेत फार वेळ घालवू लागले, कामे अडू लागली. तेव्हा शास्त्रीबोवांनी तोंडावर सांगितले, की स्नानसंध्याच करायची असेल तर गादी सोडा आणि गंगाकाठी चला; राज्य करायचे असेल तर रयतेची कामे हीच तुमची पूजा. माधवराव तरुण, पण शहाणे. त्यांनी ते ऐकले.

नारायणरावाच्या वधाची चौकशी याच रामशास्त्र्यांनी केली. त्या वेळी पेशवा कोण? तर खुद्द रघुनाथराव! ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच तोंडावर शास्त्रीबोवांनी सांगितले, की या पापाला देहांतावाचून प्रायश्चित्त नाही. आणि आपण ज्या राज्यात आहात तिथे मी राहणार नाही. एवढे बोलून ते पुणे सोडून गेले. खाडिलकरांच्या नाटकात आणि पुढे बोलपटातही प्रेक्षक ज्या प्रसंगासाठी श्वास रोखून बसत, तो हा. ध्यानात घ्या, शास्त्रीबोवांनी ‘अक्षर कोणी बदलले’ एवढ्यावर दादांना सोडून दिले नाही. माझ्या आत्याने जो प्रश्न विचारला, तोच त्यांनीही विचारला असला पाहिजे : कागद कोणाचा होता?

आणि दुसरीही एक बाजू आहे. त्या दिवशी वाड्यात काही शिजते आहे, अशी कुणकुण नारायणरावांना सकाळीच लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत मोठे इमानी, पुढे नावाजलेले सेनापती. पण त्या दिवशी ते एका स्नेह्याकडे जेवायला गेले. म्हटले असेल, आल्यावर पाहू. ते परतेपर्यंत सगळे आटोपले होते. सत्तेच्या भांडणात दुष्टांचा वाटा असतो तसा चांगल्या माणसांच्या ‘आल्यावर पाहू’चाही असतो. हा प्रसंग नाटकात रंगत नाही, पण घरी, गावात, शाळेत आपल्याला तो रोज भेटतो.

गुरुजी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना कादंबऱ्या वाचू द्या, अगदी आवडीने वाचू द्या. इतिहासाची गोडी तिथूनच लागते. पण एकदा वर्गात असे करून पाहा. नारायणरावाच्या वधाची गोष्ट सांगा आणि फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, कागदपत्रांवरून ठाम कळते ते : दिवस, ठिकाण, मारणाऱ्यांची नावे. दुसऱ्यात लिहा, लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले ते : काकांना घातलेली मिठी, आनंदीबाईचे ते अक्षर. तिसऱ्यात लिहा, लेखकाने मनाने रचले ते : रात्री नवराबायकोत काय बोलणे झाले, कोणाचा चेहरा कसा पडला. मुलांनाच विचारा, “बंद दाराआडचे हे बोलणे लेखकाला कसे कळले रे?” एखादे चुणचुणीत पोर हसून म्हणेल, “गुरुजी, त्यानं ते रचलं.” तिसरा रकाना खोटा आहे असे मात्र सांगू नका. माणसाचे मन कागदात सापडत नाही, ते शोधायला कादंबरीकारच लागतो. फक्त कोणता रकाना कोणता, एवढे पोराला कळले, की पुढे आयुष्यात कोणी त्याच्यापुढे ‘ध’चा ‘मा’ करून आणला तर ते पोर फसणार नाही.

शेवटी या भाऊबंदकीचे पुढे काय झाले? नाना फडणीस, सखारामबापू अशा मंडळींनी बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेऊन जपले. १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचे पोर पेशवा झाले. रघुनाथराव पळाले ते थेट इंग्रजांच्या दारात. ६ मार्च १७७५ ला सुरतेला त्यांनी तह केला. इंग्रजांनी फौज द्यायची, आणि दादांनी मोबदल्यात साष्टी आणि वसई द्यायची. वसई! ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांनी माणसांच्या राशी ओतल्या, ती त्यांच्या सख्ख्या पुतण्याने गादीच्या आशेपायी कागदावर लिहून दिली. एका काकाने मिळवले, दुसऱ्या काकाने घालवायला काढले. गादी काही मिळाली नाही. १७८३ साली कोपरगावला दादा वारले. पुढे त्यांचाच मुलगा, दुसरा बाजीराव, पेशवा झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

बांधावरच्या भांडणातही असेच होते, नाही का? दोघे भाऊ भांडतात, आणि रान जाते सावकाराच्या घशात.

तेव्हा मंडळी, जत्रेत नाटक पाहा, पारावर बसून कादंबरी वाचा, आनंदीबाईच्या नावाने बोटे मोडायची तर मोडा. पण घरी परतताना माझ्या त्या निरक्षर आत्याचे दोन प्रश्न सोबत ठेवा. धरायचे तरी का? आणि कागद कोणाचा होता? राजाचा दरबार गेला, वाडा जळून गेला. राहिली ती दगडी तटबंदी. पण पद आहे, पंचायत आहे, सोसायटी आहे, आणि पदाला घरचा हिस्सा समजणारी माणसेही आहेत. जिथे पद आहे तिथे हे दोन प्रश्न विचारणारे कोणीतरी हवे.

राम राम.